लंडनच्या बॅरिस्टरांचा ईमेल आणि बोटीवर गेलेले आजोबा

प्रश्न : मी 64 वर्षांची, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका आहे. यजमान चार वर्षांपूर्वी वारले, मुलगा नोकरीनिमित्त पुण्यात असतो आणि मी गावी एकटी राहते. दीड महिन्यापूर्वी मला लंडनच्या एका बॅरिस्टरांचा ईमेल आला. माझ्याच आडनावाचे एक गृहस्थ 2014 मध्ये मोटार अपघातात पत्नीसह वारले, त्यांना मूलबाळ नव्हते आणि त्यांच्या खात्यातले 43 लाख पौंड वारसाअभावी सरकारजमा होणार आहेत, असे त्यात लिहिले होते. माझ्या वडिलांचे काका 1936 च्या सुमारास मुंबईहून बोटीवर खलाशी म्हणून गेले होते. 1942 पर्यंत त्यांची पत्रे येत होती, पुढे काहीच कळले नाही. मी त्यांचे नाव, गाव आणि ही सगळी हकिकत बॅरिस्टरांना कळवली, तेव्हा ‘तेच हे गृहस्थ’ असे उत्तर आले आणि सोबत मृत्यूचा दाखला व बँकेचे पत्रही आले. मी आधार, पॅन आणि पासबुकाच्या पहिल्या पानाचे फोटो पाठवले आणि फाइल उघडण्याची फी म्हणून 18,500 रुपये भरले. आता रिझर्व्ह बँकेच्या मंजुरीसाठी शुक्रवारपर्यंत 1,40,000 रुपये भरायचे आहेत. रक्कम हाती पडेपर्यंत कोणाशी बोलू नये, असे त्यांनी बजावले आहे. मुदत ठेव मोडू का? मुलाला यातले काही सांगितलेले नाही.
— एक वाचक, रत्नागिरी जिल्हा

उत्तर :

ताई, सप्रेम नमस्कार.

मुदत ठेव मोडू नका आणि त्या मंडळींना यापुढे एक रुपयाही पाठवू नका. शुक्रवारची मुदत डोक्यावर होती, म्हणून एवढे उत्तर तुमचे पत्र मिळताच ईमेलने कळवले होते. इथे त्यामागची कारणे सविस्तर लिहितो आहे, कारण असे ईमेल इतर वाचकांनाही येत असतात आणि परमुलखात गेलेला, पुढे ठावठिकाणा न लागलेला एखादा माणूस कोकणातल्या कितीतरी घरांत असतो.

तुमचे पत्र मी दोनदा वाचले. पहिल्या वाचनात निसटलेली एक गोष्ट दुसऱ्या वाचनात लक्षात आली. बॅरिस्टरांनी ज्या आडनावाचा उल्लेख केला ते तुमचे आजचे, म्हणजे सासरचे आडनाव आहे. बोटीवर गेलेले आजोबा तर तुमच्या वडिलांचे काका, म्हणजे माहेरचे. मग त्यांचे आडनाव तुमच्या सासरचे कसे असेल? शिवाय 1936 मध्ये ते अवघे अठरा वर्षांचे होते असे धरले, तरी 2014 मध्ये त्यांचे वय 96 भरते. पहिल्या ईमेलमध्ये ना रत्नागिरी होते, ना बोट होती, ना आजोबांचे नाव होते. ते सगळे तुम्ही लिहून पाठवलेत आणि तुम्ही पुरवलेली माहितीच मृत्यूच्या दाखल्यावर छापून तुमच्याकडे परत आली. ती घरातली गोष्ट परक्या माणसाच्या कागदावर उमटलेली पाहून तुमचा विश्वास बसला, यात मला काहीच नवल वाटत नाही. पहिला ईमेल हजारो लोकांना फक्त आडनाव बदलून जातो. त्यातल्या रिकाम्या जागा ज्याच्या मनात एखादे हरवलेले माणूस आहे तो स्वतःच भरतो, आणि ही फसवणूक नेमकी त्यावर चालते.

मी बँकेत परकीय चलनाच्या कामावर असताना एक निवृत्त एसटी वाहक अशाच एका परदेशी ‘वकिला’च्या सांगण्यावरून ठेव मोडायला आले होते. त्यांच्याकडे प्लास्टिकच्या पारदर्शक पिशव्यांत तारीखवार लावलेले अकरा कागद होते. एका कागदावर रिझर्व्ह बँकेचा शिक्का होता. काउंटरवरचे भिंग लावून पाहिले तर शिक्क्याची गोल कड बारीक चौकोनी ठिपक्यांची दिसत होती, म्हणजे तो कोणत्यातरी चित्रावरून उचलून छापलेला होता. मी त्यांना भिंगातून तो दाखवला, मंजूर करणाऱ्या अधिकाऱ्याचे पद अस्तित्वातच नाही हेही सांगितले आणि ते मान डोलावून परत गेले. दोन दिवसांनी ते नवा कागद घेऊन आले. त्यावरचा शिक्का स्वच्छ होता आणि पदही दुरुस्त केलेले होते, कारण माझे आक्षेप त्यांनी भाबडेपणाने त्याच ‘वकिला’ला कळवले होते. पुढे त्यांनी दुसरीकडची ठेव मोडून पैसे भरले. माझी चूक मला फार उशिरा कळली: मी त्यांच्याशी कागदाच्या खरेखोटेपणावर वाद घालत बसलो आणि कागद तर हवा तसा पुन्हा करून मिळतो. आज तर शुद्ध इंग्रजी, मुद्रा, सही, इतकेच काय फोनवरचा रुबाबदार आवाजही संगणकावर तयार करता येतो. व्याकरणाच्या चुका पाहून खोटा ईमेल ओळखावा, हा जुना सल्ला म्हणूनच मी आता कोणाला देत नाही.

कागद बाजूला ठेवून पैसा कोणत्या दिशेने जातो आहे, तेवढेच पाहा. खऱ्या वारसाहक्कात पैसा मृताच्या मालमत्तेतून वारसाकडे येतो आणि वाटेतला कर, वकिलाची फी, बँकेचे शुल्क हे सारे त्या मालमत्तेतूनच वजा होते. इंग्लंडमध्ये 3,25,000 पौंडांवरच्या मालमत्तेला साधारणपणे 40 टक्के वारसा कर लागतो हे खरे आहे, पण तो मालमत्तेची व्यवस्था पाहणारे लोक त्या मालमत्तेतून भरतात. त्यासाठी कोकणातल्या नातीने पासबुकातून रक्कम काढून द्यावी अशी कोणतीही पद्धत नाही. भारतातही तेच: परदेशातली रक्कम बँकेमार्फत तुमच्या खात्यात येते आणि बँकेचे शुल्क आलेल्या रकमेतून वळते होते. रिझर्व्ह बँक सामान्य नागरिकांची खाती ठेवत नाही, त्यांच्या नावाने पैसे अडकवून ठेवत नाही आणि ते सोडवण्यासाठी कोणाकडून शुल्क घेत नाही. तिने हे जाहीर सूचनांतून वेळोवेळी सांगितलेले आहे. आपल्याकडचा इस्टेट ड्युटी हा कर तर 1985 मध्येच रद्द झाला, त्यामुळे उद्या ‘भारतातला वारसा कर’ म्हणून नवी मागणी आली, तर तीही खोटीच समजा.

तुमचे 18,500 रुपये कोणाच्या खात्यात गेले, हे पासबुकात पाहा. अशा प्रकरणांत लंडनच्या वकिलाची फी बहुधा दुसऱ्याच राज्यातल्या एखाद्या व्यक्तीच्या साध्या बचत खात्यात जमा झालेली आढळते. ही खाती चार पैसे देऊन वापरायला घेतलेली असतात आणि रक्कम येताच ती तिथून पुढच्या खात्यात हलवली जाते. हा पुरावा तुमच्या घरातच आहे आणि तो बॅरिस्टरांना बदलता येत नाही.

बॅरिस्टर या शब्दाविषयीही थोडे लिहायला हवे. बॅ. नाथ पैंच्या कोकणात या शब्दाला अजून मान आहे आणि तो असावाही. पण इंग्लंडमध्ये बॅरिस्टर मुख्यतः न्यायालयात बाजू मांडतात. मृताच्या मालमत्तेची व्यवस्था पाहणे, वारसांशी पत्रव्यवहार करणे ही कामे सॉलिसिटर करतात, आणि दोन्ही प्रकारच्या वकिलांची नावे त्यांच्या नियामक संस्थांच्या संकेतस्थळांवर कोणालाही विनामूल्य तपासता येतात. नाव तिथे सापडले म्हणजे संपले असे मात्र समजू नका, कारण खऱ्या वकिलाचे नाव चोरून वापरणे हा या लोकांचा नेहमीचा प्रकार आहे. नोंदणीत दिलेल्या दूरध्वनीवर किंवा ईमेलवर स्वतः विचारणा करावी. आलेल्या ईमेलमधल्या क्रमांकावर विचारले, तर उत्तर तीच माणसे देणार.

तुमच्या ईमेलमधली धमकी, म्हणजे पैसे सरकारजमा होतील ही गोष्ट, अर्धसत्यावर बेतलेली आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये मृत्युपत्र न करता आणि वारस न सापडता माणूस वारला, तर त्याची मालमत्ता राजसत्तेकडे जाते, आणि बहुतेक ठिकाणी सरकारचा विधी विभाग तिचा कारभार पाहतो. पण तिच्यावर हक्क सांगणाऱ्याला जन्म, विवाह आणि मृत्यूचे दाखले जोडून नाते पायरी पायरीने सिद्ध करावे लागते. आडनाव जुळल्याने कोणी वारस ठरत नाही. आणि तुमच्या आजोबांचीच मालमत्ता असती, तर तिच्यावर एकट्या तुमचा हक्क कसा राहिला असता? तिथल्या कायद्याने मूलबाळ आणि आईवडील नसतील तर भावाबहिणींचा आणि त्यांच्या पश्चात त्यांच्या वंशजांचा हक्क येतो, म्हणजे तुमची सख्खी-चुलत भावंडे, आजोबांच्या बहिणी असतील तर त्यांची नातवंडे, हे सारे त्यात आले असते. खऱ्या वकिलाने तुम्हाला पहिला प्रश्न विचारला असता तो ‘घराण्यात आणखी कोण कोण आहे’ असा. या माणसाने कोणाशी बोलू नका असे सांगितले, कारण तुम्ही एखाद्या भावाला फोन केला असता तर त्याने आडनावाची विसंगती क्षणात दाखवली असती.

एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. इंग्लंडमध्ये वारस शोधून देण्याचा खराखुरा व्यवसाय आहे आणि ते लोकही अनोळखी वारसाला स्वतःहून पत्र पाठवतात. म्हणून अनपेक्षित पत्र आले एवढ्यावरून ते खोटे ठरत नाही. पण हे व्यावसायिक आपला मोबदला वारसाला मिळालेल्या वाट्यातून टक्केवारीने घेतात आणि तुम्ही वेगळा वकील लावून चौकशी केलीत तर त्यांचे काही बिघडत नाही. शुक्रवारची मुदत आणि गुप्ततेची शपथ त्यांना लागत नाही.

आता तुमच्या पत्रातल्या शेवटच्या वाक्याविषयी. मुलाला सांगितलेले नाही, असे तुम्ही लिहिले आहे, आणि त्या वाक्यामागचा संकोच मला जाणवला. हा धंदा शतकाहून जुना आहे. एकोणिसाव्या शतकात स्पेनच्या तुरुंगात अडकलेल्या धनवान कैद्याच्या नावाने युरोपभर अशीच पत्रे जात होती. पुढे नायजेरियातून असे ईमेल इतके आले, की तिथल्या फौजदारी संहितेतल्या फसवणुकीच्या कलमावरून जगभर या प्रकाराला ‘419’ हेच नाव पडले. 25 जुलै 2000 रोजी पॅरिसजवळ काँकॉर्ड विमान कोसळले, तेव्हा त्या अपघातातल्या मृतांच्या नावानेही बेवारस संपत्तीचे ईमेल फिरले. आणि फसतात ते काही फक्त भोळे लोक नाहीत. ब्राझीलमधल्या एका बँकेच्या वरिष्ठ अधिकाऱ्याने 1995 ते 1998 या काळात नायजेरियातल्या न झालेल्या विमानतळाच्या कंत्राटापायी बँकेचे 24 कोटी 20 लाख डॉलर अशाच टोळीच्या हवाली केले. ज्याचे कामच पैशाच्या व्यवहारांवर नजर ठेवण्याचे, तो इतका वाहवत गेला. तुम्ही 18,500 वर थांबून विचारलेत.

म्हणून आज संध्याकाळी मुलाला फोन करा आणि सगळे पहिल्यापासून सांगा. त्याने हे उत्तर वाचले, तर त्याला माझी विनंती आहे की आईला ‘एवढेही कळले नाही का’ असे विचारू नये. तसे बोलल्यामुळे पुढची मागणी गुपचूप भरणारे ज्येष्ठ नागरिक मी बँकेत पाहिले आहेत.

त्यानंतरची कामे त्याच्या मदतीने करा. त्या माणसाला शेवटचे खरमरीत उत्तर देण्याचा मोह होईल, पण काहीही लिहू नका. ईमेल, संदेश, पावत्या यांतले काहीही पुसू नका. 1930 या क्रमांकावर तक्रार नोंदवा आणि ती राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवरही दाखल करा. तिथे व्यवहाराचा यूटीआर क्रमांक, म्हणजे त्या व्यवहाराचा स्वतंत्र ओळखक्रमांक लागेल, तो पासबुकात किंवा बँकेच्या संदेशात असतो. पैसे भरल्यावर पहिल्या काही तासांत तक्रार झाली, तर रक्कम वाटेतल्या खात्यात गोठवता येण्याची शक्यता सर्वांत जास्त असते. तुमच्या बाबतीत तो काळ उलटला आहे, त्यामुळे 18,500 रुपये परत मिळतीलच असे आश्वासन मी देणार नाही. तक्रार तरीही करा, कारण त्याच खात्यात दुसऱ्या कोणाचे पैसे उद्या जाणार असतील आणि तुमच्या तक्रारीमुळे ते खाते बंद पडू शकते. शाखेत जाऊन लेखी अर्ज द्या, त्याची पोच घ्या आणि खात्यावर लक्ष ठेवायला सांगा.

आधार आणि पॅनचे फोटो गेले आहेत, त्याचीही तजवीज हवी. आधारचे बायोमेट्रिक, म्हणजे बोटांचे ठसे आणि डोळ्यांची नोंद, लॉक करा. ते अधिकृत अॅपवरून किंवा आधारच्या संकेतस्थळावरून होते आणि गरज लागेल तेव्हा उघडता येते. तुमच्या नावावर कोणी कर्ज काढले का, हे पतमाहिती अहवालात, म्हणजे तुमच्या कर्जांच्या नोंदींच्या अहवालात दिसते आणि प्रत्येक पतमाहिती कंपनीने वर्षातून एक पूर्ण अहवाल विनामूल्य द्यावा असा नियम आहे. तो आता एकदा आणि तीन-चार महिन्यांनी दुसऱ्या कंपनीकडून पुन्हा मागवा. तुमच्या नावावर किती मोबाइल क्रमांक चालू आहेत, हे दूरसंचार विभागाच्या संचार साथी पोर्टलवर पाहता येते.

यापुढे एक फोन किंवा ईमेल येण्याचा संभव आहे आणि त्याचीच मला जास्त काळजी वाटते. कोणी पोलीस अधिकारी, सरकारी वकील किंवा वसुली संस्था म्हणून बोलेल, तुमची फसवणूक झाल्याचे त्याला ठाऊक असेल, गुन्हेगार पकडला गेला असून तुमचे पैसे सापडले आहेत असे सांगेल आणि ते सोडवण्यासाठी थोडी फी मागेल. एकदा पैसे भरलेल्यांची यादी हे लोक वापरतात आणि विकतातही. हा दुसरा फोन पहिल्याच टोळीचा समजा.

राहिले बेवारस पैशाचे. ते खरोखर असतात आणि ते शोधण्याचे सरळ रस्ते आहेत. दहा वर्षे कोणी न विचारलेल्या बँक ठेवी रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार निधीत जातात, पण त्यावरचा ठेवीदाराचा किंवा वारसाचा हक्क संपत नाही. असे पैसे नावावरून शोधण्यासाठी रिझर्व्ह बँकेने 17 ऑगस्ट 2023 रोजी ‘उद्गम’ हे पोर्टल सुरू केले. यजमानांच्या आणि वडिलांच्या नावाने तिथे एकदा जरूर पाहा. सापडल्यास दावा त्याच बँकेच्या शाखेत, कागदपत्रांसह करायचा असतो. सात वर्षे न घेतलेला लाभांश आणि त्यासोबतचे शेअर गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीकडे जातात, त्यांचाही शोध त्या निधीच्या संकेतस्थळावर घेता येतो. मोठ्या रकमेसाठी बँक न्यायालयाचे उत्तराधिकार प्रमाणपत्र मागू शकते. त्याला वेळ लागतो आणि न्यायालयाचे शुल्कही असते, पण ते पावती घेऊन न्यायालयात भरले जाते.

आणि तुमचे आजोबा. तुमच्या पत्रात पैशांपेक्षा त्यांच्याविषयी अधिक ओळी होत्या, म्हणून हे लिहितो. पत्रे 1942 मध्ये थांबली, असे तुम्ही म्हणता. ती युद्धाची वर्षे होती आणि त्या युद्धात व्यापारी जहाजांवरचे हजारो भारतीय खलाशी समुद्रात बुडाले, त्यांत कोकणातले पुष्कळ होते. ज्यांना मातीत जागा मिळाली नाही अशा खलाशांची नावे मुंबईतल्या नाविकगृहातल्या स्मारकाच्या नोंदवहीत आहेत, आणि राष्ट्रकुल युद्धस्मृती आयोगाच्या संकेतस्थळावर ती नावाने शोधता येतात. तुमचे आजोबा तिथे सापडतील असे मी म्हणत नाही; ते कुठल्या दूरच्या बंदरात उतरून तिथलेच होऊन राहिले असतील, असेही शक्य आहे. लंडनमधल्या क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारातही व्यापारी जहाजांवरच्या खलाशांच्या नोंदी आहेत आणि त्यांच्या सूच्या घरबसल्या चाळता येतात. शोधताना त्यांच्या नावाची इंग्रजीत चार-पाच प्रकारची स्पेलिंगे करून पाहा, कारण त्या काळी कारकुनांनी आपली नावे कानावर पडली तशी लिहिली. आडनाव न देता वडिलांचे नाव आणि गावाचे नाव घालूनही पाहा. जुनी पत्रे घरात असतील, तर त्यांवरचे पोस्टाचे शिक्के आणि जहाजाचे नाव आधी टिपून घ्या. शोधाची ही पहिली पायरी विनामूल्य आहे.